मुंबईत चार दिवसांचा स्टॉल लावायचाय? कागद कोणते, कुठून आणि कधी काढायचे

दिवाळीआधीचं प्रदर्शन, सोसायटीतला फूड फेस्ट, मॉलच्या तळमजल्यावर भाड्याने मिळणारं टेबल, कॉलेजचा फेस्टिव्हल. मुंबईत अशा ठिकाणी पहिल्यांदा स्टॉल लावणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: लायसन कुठलं लागतं? असं एकच एक लायसन नसतं. कोणते कागद लागतील हे तीन गोष्टींवर ठरतं. जागा कोणाच्या ताब्यात आहे, तुम्ही काय विकताय आणि तुमचा धंदा महाराष्ट्रातला आहे की बाहेरचा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. आयोजकाने परवानग्या काढल्या म्हणजे तुमच्या परवानग्या झाल्या असं होत नाही. मैदान, मांडव, पोलीस, अग्निशमन ही आयोजकाची बाजू. तुमचा माल, तुमचं वजन, तुमचा कर ही तुमची बाजू. तपासणीला आलेला अधिकारी लोणच्याच्या बरणीबद्दल आयोजकाला विचारत नाही, टेबलामागे जो उभा असतो त्याला विचारतो.

पायरी १: जागा कोणाची ते शोधा

कागद गोळा करायला इथून सुरुवात करा. बरेच जण आधी नोंदणीच्या मागे लागतात आणि जागेचा प्रश्न शेवटी काढतात. मग हाती असलेले कागद त्या जागेला लागू पडत नाहीत.

खासगी जागा सगळ्यात सोपी. मॉल, हॉल, एखाद्या दुकानाचा दर्शनी भाग, हॉटेलची लॉबी. इथे मालकाचं किंवा व्यवस्थापनाचं लेखी पत्र पुरतं. पत्रात तुमचं किंवा तुमच्या धंद्याचं नाव, तारखा, स्टॉल क्रमांक आणि जागेचा पूर्ण पत्ता असायला हवा. ‘बुकिंग कन्फर्म’ असा व्हॉट्सअॅप मेसेज पुढे कुठल्याही अर्जात चालत नाही. सोसायटीच्या आवारात स्टॉल असेल तर कार्यकारिणीचं पत्र घ्या, एकट्या सेक्रेटरीच्या शब्दावर जाऊ नका. इमारतीभोवतीची मोकळी जागा अग्निशमन दलाची गाडी आत यावी म्हणून सोडलेली असते. तिथे मांडव अडवला तर तक्रार करायला एक रहिवासीही पुरतो.

मैदान असेल तर प्रकरण बदलतं. मुंबईतली काही मैदानं महापालिकेची, काही जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातली, काही एमएमआरडीएची, काही ट्रस्टची. तिथल्या परवानग्या आयोजकाने काढायच्या असतात: जमीनमालकाची परवानगी, महापालिकेच्या विभाग कार्यालयाची मांडवाची परवानगी, स्थानिक पोलीस ठाण्याचं आणि गर्दी मोठी असेल तर वाहतूक पोलिसांचं ना हरकत पत्र, अग्निशमन दलाचं ना हरकत पत्र. तुमचं काम एवढंच, की स्टॉलचे पैसे भरण्याआधी या कागदांच्या प्रती मागायच्या. चांगला आयोजक त्या विनातक्रार पाठवतो. ‘सगळं झालंय, काळजी करू नका’ यावर जो थांबतो त्याच्याकडे निदान एवढं लेखी मागा, की परवानगीअभावी कार्यक्रम बंद पडला तर स्टॉलचं भाडं परत मिळेल. कार्यक्रम बंद पडल्यावर हात वर करणं सोपं असतं, आणि करारात ओळ नसेल तर तुमच्या हाती काहीच उरत नाही. पावसामुळे दिवस बुडाला तर काय, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

रेल्वे स्थानकावर स्टॉल हवा असेल तर ती जमीन रेल्वेची, तिथे महापालिकेचा संबंध नाही. ‘एक स्थानक एक उत्पादन’ या योजनेत स्थानिक कारागीर, विणकर आणि बचत गटांना स्थानकावर ठरावीक मुदतीसाठी स्टॉल मिळतो. अर्ज त्या त्या विभागाच्या वाणिज्य शाखेकडे करायचा. हस्तकला आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र किंवा बचत गटाची नोंदणी असेल तर तिथे उपयोगी पडते.

आता फुटपाथ. इथे मात्र सावध. रस्ता, फुटपाथ, चौपाटी यांवर ‘फक्त शनिवार-रविवार’ म्हणून टेबल मांडलं तरी कायद्याच्या नजरेत ते फेरीवाल्याचंच काम. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३१३-अ सार्वजनिक जागी विक्री करायला आयुक्तांचा परवाना मागतं आणि कलम ३१४ नुसार पूर्वसूचना न देता माल उचलता येतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र मिळतं ते सर्वेक्षणात नोंद झालेल्या आणि नगर पथविक्रेता समितीच्या प्रक्रियेतून आलेल्या विक्रेत्याला. हे प्रमाणपत्र उपजीविकेचं दुसरं साधन नसलेल्या माणसासाठी आहे. त्याने स्वतः किंवा घरच्यांनी धंदा करायचा असतो आणि ते भाड्याने देता येत नाही. म्हणून कोणी ‘माझं जुनं लायसन आहे, महिन्याला इतके द्या आणि बसा’ म्हणालं तर पैसे देऊ नका. त्या कागदावर तुम्हाला काहीही हक्क मिळत नाही, आणि ज्याच्या नावावर तो आहे त्याचाही हक्क धोक्यात येतो. रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळापासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या आदेशात मनाई केली आहे.

माल उचलला गेलाच तर २०१४ च्या कायद्याचं कलम १९ लक्षात ठेवा. उचललेल्या मालाची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. यादी त्याच जागी मागा. नंतर गोदामावर जाऊन ‘माझी चाळीस पाकिटं होती’ सांगून उपयोग होत नाही.

पायरी २: धंद्याला नाव आणि पत्ता द्या

एकट्याने धंदा करत असाल तर वेगळी कंपनी काढायची गरज नाही. तुमचं पॅन कार्ड हेच धंद्याचं पॅन. पण आधार आणि पॅनवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते आज बघा. लग्नानंतर एका कागदावर आडनाव बदललं आणि दुसऱ्यावर राहिलं, एकावर वडिलांचं नाव मधे आलं आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, इतक्या कारणावरून पुढचे तिन्ही-चारही अर्ज अडकतात. आधी दुरुस्ती, मग अर्ज.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर घरबसल्या होते आणि सरकार तिचे पैसे घेत नाही. सरकारी वाटाव्यात अशा पुष्कळ खासगी वेबसाइट शोधात वर येतात आणि दीड-दोन हजार रुपये मागतात. पैसे भरायचं पान आलं की समजा, तुम्ही चुकीच्या जागी आहात.

त्यानंतर शॉप अॅक्ट. मुंबईत आजही सगळे त्याला गुमास्ता म्हणतात, बँकेतसुद्धा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकीच माणसं कामाला असतील (कायदा आला तेव्हा मर्यादा दहापेक्षा कमी अशी होती) तर नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, फक्त सूचना द्यायची असते. नमुना ‘फ’ मध्ये माहिती भरायची आणि त्याची पोच नमुना ‘ग’ मध्ये मिळते. तीच पोच तुमचा गुमास्ता. मुंबईत हे काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं ऑनलाइन करतं. लागतं काय? फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि नावाच्या पाटीचा फोटो. घरचा पत्ता चालतो. लाइट बिल आई-वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. या एवढ्या कामासाठी एजंटला हजारो रुपये मोजण्याचं कारण नाही.

पाटीवरच अनेकांचा अर्ज परत येतो. नाव मराठीत, देवनागरी लिपीत, सुरुवातीला आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे लहान आस्थापनांनाही लागू आहे. घरी दुकान नसतं, म्हणून पुठ्ठ्यावर किंवा फ्लेक्सवर पाटी छापून दाराशी लावून फोटो काढा आणि तीच पाटी स्टॉलवर वापरा. डिझायनरने फक्त रोमन अक्षरांत लोगो करून दिला असेल तर छपाईला टाकण्याआधी देवनागरी करून घ्या.

गुमास्ता हातात आला की त्याच नावाने बँकेत चालू खातं आणि क्यूआर कोड. व्यवसाय कराची नावनोंदणी, म्हणजे पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपयांची आहे. पहिल्या प्रदर्शनाच्या घाईत ती विसरली जाते आणि पुढे मागच्या वर्षांसकट वसूल होते.

पायरी ३: माल काय आहे

खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, त्यात सूट नाही. ‘घरगुती आहे’, ‘फक्त दोन दिवस आहे’, ‘चॅरिटीसाठी आहे’ ही कारणं चालत नाहीत. २०११ च्या नियमावलीत छोट्या खाद्य व्यावसायिकाची जी व्याख्या आहे तिच्यात फेरीवाला, फिरता विक्रेता आणि तात्पुरता स्टॉलधारक यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. या नियमावलीने छोट्या व्यावसायिकासाठी वर्षाला १२ लाख उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवलं होतं. त्याच्या वर परवाना. मर्यादा आणि शुल्क नियमांनुसार बदलतात, म्हणून एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्जाच्या वेळी जी रक्कम दिसेल तीच धरा. छोट्या नोंदणीला नमुना ‘अ’ भरायचा: फोटो, ओळखपत्र, पत्ता आणि पदार्थांचा प्रकार. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. अर्जात त्रुटी नसेल आणि तपासणी लावली नाही तर सात दिवसांत निर्णय यायला हवा.

सगळ्यात जास्त चुका ‘व्यवसायाचा प्रकार’ या रकान्यात होतात. घरी चिवडा, लाडू, लोणचं करून बंद पाकिटात विकणं हा उत्पादनाचा प्रकार. स्टॉलवर तवा किंवा कढई चढवून गरम पदार्थ देणं हा वेगळा प्रकार. दुसऱ्याची पाकिटं आणून विकणं म्हणजे किरकोळ विक्री. नोंदणी जागेगणिक असते, हेही विसरू नका. घराच्या पत्त्यावर पाकीटबंद उत्पादन म्हणून घेतलेला कागद दाखवून स्टॉलवर वडे तळले तर तो कागद त्या वड्यांना लागू होत नाही. दोन्ही करणार असाल तर दोन्ही प्रकार आधीच नोंदवा. जागेवर शिजवणार असाल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खालच्या आरोग्य परवान्याचा विषयही येतो. तो विभाग कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतो. आयोजकाने सगळ्या फूड स्टॉलसाठी मिळून तो काढलाय का, हे त्याला लेखी विचारा.

नोंदणी एजंटकडून करून घेतली असेल तर क्रमांक स्वतः वाचा. तो १४ अंकी असतो. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२४ मध्ये इथे झालेली नोंदणी २१५२४ अशी सुरू होईल. हा क्रमांक फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर टाकला की नाव आणि पत्ता दिसतो. तो तुमचा नसेल तर तुम्हाला दुसऱ्याचा कागद चिकटवलाय. असं घडतं आणि ते नेमकं तपासणीच्या दिवशी उघडं पडतं. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही छापावा लागतो.

पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र ठेवा, ऐनवेळी मदतीला बोलावलेल्या भाचीचंसुद्धा. प्रमाणपत्राचा नमुना नियमावलीच्या परिशिष्ट ४ ला धरून असतो, त्यावर नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते आणि ते दर वर्षी नवं करायचं असतं. टोपी, हातमोजे, झाकणाची कचरापेटी आणि पिण्यायोग्य पाण्याचा वेगळा ड्रम, ही यादीही त्याच परिशिष्टातली समजा.

पाकीटबंद माल असेल, मग तो चकली असो की मेणबत्ती, वैधमापन म्हणजे वजन-मापांचे नियम लागू होतात. २०११ च्या पाकीटबंद वस्तू नियमांनुसार लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा नग, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. आयात माल असेल तर मूळ देश. खाद्यपदार्थाला याशिवाय घटकांची यादी (प्रमाण जास्त ते कमी या क्रमाने), पोषणमूल्य, अॅलर्जीची सूचना, बॅच क्रमांक, कधीपर्यंत खावं ती तारीख, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण. हिरव्या चौकटीत हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पाकिटं भरून विकायला लागल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून वैधमापन शास्त्र विभागाकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. घरगुती धंदेवाल्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

किंमत वाढवण्यासाठी जुन्या किमतीवर स्टिकर लावता येत नाही. कमी करायची असेल तर लावता येतो, पण मूळ किंमत झाकायची नाही.

वजन करून विकत असाल तर घरच्या स्वयंपाकघरातला डिजिटल काटा स्टॉलवर आणू नका. व्यापारासाठी विभागाने तपासून मुद्रांकित केलेला काटाच चालतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दर बारा महिन्यांनी करावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र काट्याजवळ ठेवावं लागतं. चार दिवसांसाठी काटा घ्यायचा नसेल तर सरळ उपाय म्हणजे माल आधीच ठरलेल्या वजनाची पाकिटं करून आणा, किंवा नगावर विका.

साबण, क्रीम, उटणं, लिप बाम विकणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. हे सौंदर्यप्रसाधन आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार ते विक्रीसाठी बनवायला उत्पादन परवाना लागतो, आणि तोही अन्न व औषध प्रशासनाकडूनच. ‘हँडमेड’, ‘ऑरगॅनिक’, ‘केमिकल-फ्री’ लिहून सुटका होत नाही. घरच्या स्वयंपाकघराला हा परवाना मिळणं कठीण, म्हणून परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या नावाने माल बनवून घेणं हाच बहुतेकांना परवडणारा मार्ग. तेव्हा लेबलवर त्या उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक यायलाच हवा.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट आहे. त्यांचा माल घेऊन तुम्ही विकत असाल तर ती सूट गृहीत धरू नका. मद्य असलेली चॉकलेटं किंवा वाइनचे नमुने चाखायला देणार असाल तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जा. कपडे, दागिने, चित्रं, पुस्तकं यांना मालासाठी असा वेगळा परवाना सहसा लागत नाही, फक्त सोन्याचे दागिने असतील तर हॉलमार्कचे नियम बघावे लागतात.

पायरी ४: जीएसटी

तुमचा धंदा महाराष्ट्रात आहे, फक्त वस्तू विकता, राज्याबाहेर पाठवत नाही आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, तर नोंदणी लागत नाही. स्टॉलवर शिजवून खायला देणं ही सेवा धरली जाते, तिथे मर्यादा २० लाख. नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा लावून घ्यायचा नाही. ‘आयोजक मागतो म्हणून’ नोंदणी करण्याआधी विचार करा. एकदा नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं.

बाहेरच्या राज्यातून येऊन मुंबईत स्टॉल लावणाऱ्यांची गोष्ट निराळी. समजा तुमचा व्यवसाय बेळगावात, इंदूरमध्ये किंवा सुरतेत आहे आणि महाराष्ट्रात कायमची जागा नाही. मग तुम्ही प्रासंगिक करदाते, आणि उलाढाल कितीही कमी असली तरी इथली नोंदणी सक्तीची. धंदा सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा. विक्रीचा अंदाज देऊन त्यावरचा कर आगाऊ भरायचा. नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते आणि आणखी ९० दिवस वाढवता येते. आपसमेळ योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची कंपोझिशन योजना, यात मिळत नाही. व्यवसायाच्या जागेचा पुरावा म्हणून आयोजकाचं स्टॉल दिल्याचं पत्र आणि भाड्याची पावती जोडतात, म्हणून ते पत्र नीट घ्या असं वर लिहिलं. त्यात पिन कोड नसला किंवा नाव पॅनपेक्षा वेगळं असलं तर अधिकारी खुलासा मागतो आणि प्रदर्शनाचा पहिला दिवस त्यातच जातो. कायदा पाच दिवस म्हणतो, तुम्ही तीन आठवडे धरा.

प्रामुख्याने हाताने बनवलेल्या, अधिसूचनेत नाव असलेल्या हस्तकला वस्तूंना सवलत आहे. उलाढाल मर्यादेत असेल, पॅन असेल आणि माल आणताना ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) काढलं असेल तर ही नोंदणी लागत नाही. इथे ई-वे बिल कितीही कमी रकमेच्या मालाला लागतं. एरवी राज्याबाहेरून येणाऱ्या मालाला ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर लागतं. नोंदणी असलेल्यांनी माल विक्रीआधी नेताना बिल नव्हे, तर डिलिव्हरी चलान, म्हणजे विक्री न होता नेलेल्या मालाचा कागद, बनवावं. न विकलेला माल परत नेतानाही चलान जवळ हवं.

पायरी ५: प्रत्यक्ष स्टॉलवर

गॅस: घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे, जप्त होतो. १९ किलोचा व्यावसायिक किंवा ५ किलोचा लहान सिलिंडर वापरा. नळीवर आयएसआय खूण आणि मुदत बघा. बंद हॉलमध्ये अग्निशमन दल सहसा गॅस वापरू देत नाही, म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. मग इंडक्शन आणायचा तर विजेचा हिशेब करा. २,००० वॉटची शेगडी ९ अॅम्पिअरच्या आसपास ओढते. आयोजकाने दिलेला ६ अॅम्पिअरचा पॉइंट तिला पुरत नाही, तो गरम होतो नाहीतर सगळ्या रांगेचा फ्यूज उडवतो. १६ अॅम्पिअरचा पॉइंट लेखी मागा. तळणीच्या स्टॉलवर भरलेलं अग्निशामक हवं आणि तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवायचं किंवा फायर ब्लँकेट टाकायचं, हे मदतनिसालाही आधी सांगून ठेवा.

प्लॅस्टिक: महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून हँडल असलेल्या-नसलेल्या प्लॅस्टिक पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. पहिला दंड ५,००० रुपये, दुसरा १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि कैदही. घाऊक बाजारात ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेल्या पिशव्या सर्रास मिळतात. छपाईवर विसंबू नका, कागदी किंवा सुती पिशवी घ्या.

आवाज: स्वतःचा स्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदच. जागा शांतता क्षेत्रात असेल तर स्पीकरचा विचारही करू नका. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायला हक्कधारक संस्थांचा परवाना लागतो. आयोजकाने तो घेतला नसेल तर स्टॉलवर गाणी नकोत.

फलक: तुमचा बॅनर स्टॉलच्या चौकटीत. मैदानाबाहेर विजेच्या खांबाला, झाडाला, कुंपणाला बांधला की १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली येतो, आणि त्यावर तुमचाच फोन नंबर छापलेला असतो.

कधी काय

दीड महिना आधी जागा आणि आयोजकाचं पत्र. त्याच आठवड्यात नावांची दुरुस्ती, उद्यम, गुमास्ता. महिनाभर आधी एफएसएसएआय आणि लेबलांचा मजकूर. लेबल छापायला टाका ते क्रमांक हातात आल्यावरच, आधी छापलेली हजार लेबलं फेकून द्यावी लागलेली पुष्कळ माणसं भेटतील. तीन आठवडे आधी लागत असल्यास जीएसटी, त्याच सुमारास काट्याची तपासणी. शेवटच्या आठवड्यात वैद्यकीय प्रमाणपत्रं, वीज-गॅसची खात्री आणि फाइल.

फाइल म्हणजे एक प्लॅस्टिकचा फोल्डर: आयोजकाचं पत्र, गुमास्ता, एफएसएसएआय, वैद्यकीय प्रमाणपत्रं, काट्याचं प्रमाणपत्र, जीएसटी, माल खरेदीची बिलं. प्रत्येकाची झेरॉक्स वेगळी. मूळ कागद दाखवा, हातात देऊन टाकू नका. अधिकारी आल्यावर त्यांचं नाव, पद आणि खातं शांतपणे विचारा, ओळखपत्र बघा. नमुना घेतला किंवा माल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. दंड भरायची वेळ आली तर खात्याची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. क्यूआर कोड दाखवला तर तो कोणाच्या नावावर आहे ते आधी वाचा. तुम्ही स्टॉलवर नसताना ही फाइल कुठे आहे आणि काय बोलायचं, हे तिथे उभ्या असणाऱ्या माणसाला माहीत हवं. तपासणी नेमकी तुम्ही जेवायला गेल्यावर येते.

प्रदर्शन संपल्यावर प्रासंगिक करदात्यांचं एक काम उरतं. नोंदणीच्या काळातली सगळी विवरणपत्रं भरा आणि आगाऊ भरलेल्या करातून प्रत्यक्षातला कर वजा करून उरलेल्या रकमेच्या परताव्याचा अर्ज करा. विवरणपत्र राहिलं तर परतावा मिळत नाही. घरी परत गेल्यावर हे राहूनच जातं, म्हणून शक्य तर मुंबई सोडण्याआधी विक्रीचा दिवसवार हिशेब, बिलबुकांचे पहिले-शेवटचे क्रमांक आणि यूपीआयची यादी तुमच्या करसल्लागाराला पाठवून द्या.